उसाच्या मळीतून फळं पिकवणारा वायू

संकेश्वर, चिकोडी, निपाणी हा बेळगाव जिल्ह्याचा ऊसपट्टा. साखर काढून उरलेली मळी आंबवली, की इथेनॉल मिळतं. ते पेट्रोलमध्ये मिसळतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच इथेनॉलच्या रेणूतून पाणी काढून घेतलं, तर इथिलीन तयार होतं. हा सर्वांत साधा अल्कीन, म्हणजे कार्बनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध असलेलं संयुग. बेळगावजवळच्या पिरनवाडीच्या फळगाड्यावरची केळी रायपनिंग चेंबरमधून आली असतील, तर ती बहुधा याच वायूने पिकलेली असतात.

अशा चेंबरमध्ये ठेवलेल्या छोट्या यंत्रात इथेनॉल ओततात. त्याची वाफ तापलेल्या उत्प्रेरकावरून जाते आणि इथिलीन बाहेर पडतं. हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत इथिलीन वापरायला अन्नसुरक्षा नियमांची परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडवर मात्र बंदी आहे.

अल्कोहोलमधून दरवेळी अल्कीनच मिळेल, असं नाही. संहत सल्फ्युरिक आम्लासोबत इथेनॉल 170 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं, तर इथिलीन मिळतं. 140 अंशांवर दोन रेणू जोडले जाऊन ईथर. तापलेल्या तांब्यावरून वाफ नेली, तर पाण्याऐवजी हायड्रोजन निघतो आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड हाती येतं. म्हणूनच काय तयार झालं, हे तपासणं ते तयार करण्याइतकंच महत्त्वाचं.

महाविद्यालयात हे शिकायला सायक्लोहेक्झॅनॉल सोयीचं. फॉस्फोरिक आम्लासोबत ते तापवलं, की सायक्लोहेक्झीन बनतं. अल्कोहोल 161 अंशांना उकळतं, अल्कीन 83 अंशांना. त्यामुळे तयार होईल तसतसा अल्कीन ऊर्ध्वपातनाने बाहेर काढता येतो आणि अभिक्रिया पुढे सरकत राहते. ब्रोमीनच्या पाण्याचा नारिंगी रंग उडाला, की दुहेरी बंध असल्याची खूण पटते.

पण 2-मिथाइल सायक्लोहेक्झॅनॉल घेतलं, तर एकाहून अधिक अल्कीन बनतात आणि ब्रोमीनचा रंग सगळेच घालवतात. ज्या दुहेरी बंधाला कार्बनच्या शाखा जास्त, तो अल्कीन जास्त बनतो, असा नियम झाइत्सेव या रशियन रसायनशास्त्रज्ञाने 1875 मध्ये मांडला. तो प्रत्यक्षात किती खरा ठरला, ते मिश्रणातले घटक वेगळे करणारा गॅस क्रोमॅटोग्राफ दाखवतो: प्रत्येक अल्कीनचं शिखर वेगळं, आणि शिखरांच्या क्षेत्रफळावरून त्यांचं प्रमाण. अवरक्त वर्णपटात 3300 प्रति सेंटीमीटरजवळचा रुंद पट्टा दिसला, तर अल्कोहोल किंवा पाणी अजून उरलं आहे.

उत्तराखंडातल्या काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्स मळीच्या अल्कोहोलपासून ग्लायकॉल बनवते. त्या वाटेवरचा टप्पा इथिलीनच. 46 किलो इथेनॉलमधून फार तर 28 किलो इथिलीन मिळतं, बाकी पाणी. एवढं वजन पाण्यात जात असताना ईथर किंवा अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या रूपाने आणखी नुकसान परवडणारं नाही. आपल्या ऊसपट्ट्यात इथेनॉलच्या पुढचे उद्योग उभे राहायचे असतील, तर इथल्या मुलामुलींना शिखरांचा हा आलेख, म्हणजे क्रोमॅटोग्राम, वाचता यायलाच हवा.