आमचं खुराडं आणि थंडी

आमच्याकडे सहा कोंबड्या आहेत. वसईला थंडी फार नसते, पण पौषात पहाटे गार वारा सुटतो. मागच्या वर्षी मी खुराड्याला चारी बाजूंनी प्लॅस्टिक बांधलं. मला वाटलं, कोंबड्या उबेत राहतील. पण सकाळी प्लॅस्टिकला आतून पाणी सुटायचं आणि वासाने डोळे चुरचुरायचे. कोंबड्या शिंकू लागल्या. माझी तांबडी मेली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

आजी म्हणाली, "अरे, कोंबडीला थंडी सोसते, ओल नाही सोसत."

थंडीत कोंबडी पिसं फुलवते. पिसांत हवा अडकते, तीच तिची गोधडी. पिसं भिजली की ऊब जाते. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू निघतो, तो छातीला वाईट.

यंदा मी वाऱ्याच्या बाजूलाच गोणपाट लावलं आणि वर वीतभर जागा मोकळी ठेवली. खाली भाताचा तूस पसरला. तो ओला झाला की बदलतो. बसायला आडवा बांबू बांधला. लहान पिल्लांना मोठी पिसं नसतात. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश ऊब लागते. ती आईच्या पंखाखाली मिळते, म्हणून त्यांना वेगळं करू नये.

यंदा एकही कोंबडी शिंकली नाही. मित्रांनो, तुमच्या खुराड्यात ओल आहे का, ते आजच हात लावून बघा.