जागा चुकलेले आम्ल

छातीच्या मधोमध उठणाऱ्या आणि कधी कधी थेट घशापर्यंत चढणाऱ्या जळजळीला मराठीत सरसकट 'पित्त' म्हटले जाते. परंतु अंगावर उठणाऱ्या गांधी, अर्धशिशीत होणारी उलटी, आयुर्वेदातील त्रिदोषांपैकी एक दोष आणि यकृतात तयार होऊन लहान आतड्यात उतरणारा पाचकरस या एकमेकांपासून भिन्न असलेल्या गोष्टींनाही हाच शब्द लावला जात असल्यामुळे उपायांचाही गोंधळ उडतो. त्याच्या जोडीला रुळलेला 'ॲसिडिटी' हा शब्दही काहीसा फसवाच आहे, कारण जठरात आम्ल वाजवीपेक्षा जास्त झाले आहे असे त्यातून सूचित होते आणि छातीत जळजळणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत तसे झालेले नसते. त्या मानाने 'जेवण घशाशी येते' ही घरगुती तक्रार शास्त्राच्या बरीच जवळ जाते, कारण या विकारात आम्ल असते तेवढेच असते, फक्त ते जठर सोडून वर अन्ननलिकेत शिरलेले असते.

निरोगी माणसाच्या जठरात दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर पाचकरस स्रवतो आणि त्यात अन्नातील जंतू मारण्याइतके तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल असते. जठराच्या आतल्या बाजूला श्लेष्म्याचा, म्हणजे बुळबुळीत द्रवाचा, जाड थर असल्याने त्याला हे आम्ल बाधत नाही. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेला मात्र असे चिलखत नाही. या दोहोंच्या सांध्यावर तीन-चार सेंटिमीटर लांबीचे, एरवी घट्ट मिटलेले स्नायूंचे कडे असते आणि छाती व पोट यांना विभागणारे श्वासपटल त्या कड्याला बाहेरून आवळून धरते. घास उतरताना हे कडे उघडते, हे स्वाभाविकच. पण जठर अन्नाने किंवा हवेने ताणले गेले की काहीही गिळलेले नसतानाही ते काही सेकंद सैल पडते, जेणेकरून कोंडलेली हवा बाहेर पडावी. ढेकर येतो तो असाच, आणि त्या हवेबरोबर आम्लही वर चढले की तो करपट किंवा आंबट लागतो. त्यातही जेवणानंतर अन्नात मिसळून आम्लाची तीव्रता कमी होत असली, तरी नव्याने स्रवलेल्या आम्लाचा एक थर अन्नाच्या वर, म्हणजे नेमका या कड्याच्या तोंडाशीच साचून राहतो. रिकाम्या पोटापेक्षा भरपेट जेवणानंतरच जळजळ अधिक का होते, याचे उत्तर त्यात आहे.

एवढे ध्यानात घेतले, तर पथ्याचा विचार पदार्थांच्या यादीपासून सुरू करण्याचे कारण उरत नाही. उदाहरणार्थ, मिसळीची एक थाळी पाहावी. कटावर तरंगणारा तर्रीचा लाल थर हा बहुतांशी तेलाचा असतो आणि खाली बुडालेल्या तळलेल्या फरसाणातही तेलच असते. स्निग्धांशामुळे जठर रिकामे व्हायला वेळ लागतो आणि कड्याची पकडही ढिली होते. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या चेतातंतूंनाच चेतवत असल्याने आधीच हुळहुळ्या झालेल्या अन्ननलिकेला ते झोंबते. वरून पेरलेला कच्चा कांदा काहींना हमखास ढेकर आणतो, आणि जास्तीचा पाव व त्यामागून आलेला चहा जठर ताणण्याचे उरलेले काम पुरे करतात. तरीही हीच थाळी रविवारी सकाळी खाऊन दुपारपर्यंत हिंडणाऱ्या माणसाला तिचा त्रास होईलच असे नाही, आणि रात्री साडेदहाला ती संपवून अकराला आडव्या होणाऱ्याला तो झाला तर नवल नाही. दोष सगळा तिखटाच्या माथी मारणे सोयीचे असते, एवढेच.

अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी या पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही सर्व 'संशयित' पदार्थ सरसकट बंद करण्याची शिफारस केलेली नव्हती. वजन कमी करणे आणि रात्रीच्या त्रासासाठी उशाची बाजू उंच करणे यांवर त्या सूचनांचा भर होता. चहा, कॉफी, टोमॅटो, लिंबूवर्गीय फळे, चॉकलेट, पुदिना यांचा त्रास काहींना होतो, काहींना होत नाही, म्हणून एका वेळी एकच पदार्थ दोन आठवडे बंद ठेवून पुन्हा सुरू करून पाहणे, ही पद्धत कंटाळवाणी असली तरी खात्रीची आहे. जळजळीवर थंड दूध पिण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो आणि त्याने घटकाभर बरे वाटतेही, कारण दूध आम्लाला सौम्य करते. मात्र दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम जठराला नवे आम्ल स्रवण्यास प्रवृत्त करतात, त्यामुळे झोपण्यापूर्वी पेलाभर दूध पिणाऱ्याची रात्र त्याच दुधाने बिघडू शकते. उपवासाचे गणितही असेच फसते: दिवसभर चहावर राहून संध्याकाळी साबुदाण्याचे वडे, बटाट्याचा चिवडा आणि कुटाने माखलेली खिचडी असा फराळ झाला, तर 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण जठराच्या ताणाच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरते, शिवाय शेंगदाण्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेलाचा असतो.

जेवण आणि झोप यांच्यात दोन ते तीन तासांचे अंतर असावे, हा नियम सर्वांना ठाऊक असतो आणि शहरात तो पाळणे सर्वांत अवघड असते. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन कुटुंबांतला नेम या दृष्टीने आदर्शच. पण लोकलने साडेनऊला घरी पोहोचणाऱ्याला तो सांगण्यात अर्थ नाही. अशा माणसाने कार्यालयातच साडेसहाच्या सुमारास उपमा, पोळी-भाजी असे भरीव काही खाऊन रात्रीचे जेवण वाटीभर वरण-भातावर आणणे अधिक व्यवहार्य ठरते. जेवणानंतरच्या हालचालीसाठी मराठीत दोन शब्द पूर्वापार आहेत आणि ते दोन्ही शरीररचनेच्या कसोटीला उतरतात. शतपावलीत माणूस ताठ राहतो, त्यामुळे गुरुत्वाकर्षण आम्लाला खालीच ठेवते. वामकुक्षीत तो डाव्या कुशीवर असतो आणि जठराचा फुगीर भाग डावीकडे असल्याने आम्ल त्या खोलगट भागात साचून कड्याचे तोंड त्याच्या पातळीच्या वर राहते. उजव्या कुशीवर हीच मांडणी उलटते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार अन्ननलिकेत शिरलेले आम्ल डाव्या कुशीवर सुमारे ३५ सेकंदांत, तर उजव्या कुशीवर सुमारे ९० सेकंदांत ओसरत होते. अर्थात वामकुक्षी म्हणजे घटकाभर पडणे. तिला दोन तासांच्या झोपेचे रूप आले की तिचा गुण उरत नाही.

रात्री त्रास अधिक होण्याचे आणखी एक कारण म्हणजे झोपेत लाळ कमी सुटते आणि ती गिळण्याची क्रियाही मंदावते, त्यामुळे अन्ननलिका धुऊन काढणारे, आम्लाला शमवणारे हे सौम्य अल्कधर्मी पाणी मिळेनासे होते. यावर पलंगाच्या उशाकडील दोन्ही पायांखाली प्रत्येकी दोन विटा ठेवणे, हा अत्यंत साधा उपाय आहे. नेहमीची वीट सुमारे साडेसात सेंटिमीटर जाडीची असल्याने त्यातून आवश्यक ती १५ सेंटिमीटरची उंची मिळते. त्याऐवजी दोन उशा घेतल्यास फक्त मान वर उचलली जाते, कमरेत बाक येतो आणि पोट उलट अधिकच दाबले जाते. जमिनीवर झोपणाऱ्यांना गादीच्या वरच्या भागाखाली घोंगड्यांच्या घड्या घालून कंबरेपासून वर असा उतार करता येतो.

पोटावरचा दाब हा मुद्दा दिवसाही लागू पडतो. सुटलेले पोट, करकचून आवळलेला पट्टा किंवा परकराची नाडी, जेवल्याबरोबर वाकून फरशी पुसणे, या सर्वांनी जठरावर बाहेरून दाब येतो. तंबाखूतील निकोटिन कडे सैल करते, आणि मद्याचाही परिणाम तसाच आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून २०२१ साली असे दिसले, की आटोक्यातील वजन, धूम्रपान न करणे, रोज अर्धा तास व्यायाम, चहा-कॉफी-सोडा दिवसाला दोन कपांपर्यंत आणि समतोल आहार या पाच गोष्टी पाळल्या गेल्यास जळजळीची सुमारे ३७ टक्के प्रकरणे टळू शकतील.

उरलेल्यांना औषध लागतेच, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल घटवणारी गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, आणि महिनोन्‌महिने घेतल्यावर ती एकदम थांबवली तर काही दिवस आम्ल उसळी घेते, म्हणून ती सुरू करणे व बंद करणे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे. घास अडकणे, अकारण वजन घटणे, काळी शौचास होणे किंवा उलटीत रक्त दिसणे या लक्षणांत पथ्य करत बसण्यात वेळ दवडू नये. छातीतील दाब हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरत असेल, घाम फुटला असेल वा धाप लागत असेल, तर फ्रूट सॉल्टचा पेला ढवळत न बसता आधी रुग्णालयात जाऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा. जळजळीचा विचार तो आलेख पाहिल्यानंतर करता येतो.