मुखचित्रातील पुरणपोळी

यूट्यूबवरील पाककृतीत पदार्थाआधी सजते ते थंबनेल, म्हणजेच चित्रफितीचे मुखचित्र. टम्म फुगलेली पुरणपोळी, तुपाची धार आणि ‘एकही पोळी फुटणार नाही’ हे ठळक आश्वासन पाहताच बोट तेथे वळते. एकाच चित्रफितीसाठी तीन मुखचित्रे प्रेक्षकांपुढे ठेवून पारखण्याची सोय यूट्यूबने २०२४ मध्ये निर्मात्यांना खुली केली. त्यात सरस ठरते ते प्रेक्षकाला अधिक काळ खिळवून ठेवणारे चित्र. पोळी खरोखर तशी होते काय, हा प्रश्न त्या कसोटीत नाहीच. कणीक किती सैल, पुरण किती कोरडे, हे चित्र सांगत नाही. आणि पोळी फुटली की नवशिका दोष देतो तो स्वतःच्या हाताला. म्हणून पाककृती निवडताना चित्राच्या चकाकीपेक्षा प्रमाण आणि कृती यांचीच पारख व्हावयास हवी.