श्रीलंकेत पाऊस कुठल्या बाजूला?

जुलैत श्रीलंकेला निघालो तेव्हा घरच्यांचा आणि शेजाऱ्यांचा एकच सूर, "भर पावसात कशाला जाताय?" मी वाईची. महाबळेश्वर धुवाधार भिजत असताना घाट उतरून खाली यावं तर भुरभुर, आणि आणखी पूर्वेला माण तालुक्यात नुसता धुरळा, हे लहानपणापासून पाहिलेलं. श्रीलंकेच्या मधोमध अडीच हजार मीटरपर्यंत चढणारे डोंगर नकाशात दिसले, तेव्हाच पलीकडे ऊन असणार याची मला खात्री पटली.

मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, गॉल, हिक्कडुवाच्या किनाऱ्यावर येतात. समुद्र खवळलेला, पोहणं धोक्याचं. डोंगर चढताना वारे पाणी सांडून मोकळे होतात आणि पूर्वेला कोरडे, तापलेले उतरतात. त्या महिन्यांत त्रिंकोमाली आणि निलावेलीचा समुद्र शांत असतो. पश्चिमेचे कितीतरी कोळी होड्या-जाळी घेऊन तिकडेच मुक्कामाला जातात. डिसेंबरात ईशान्येचा पाऊस पूर्व किनारा भिजवतो आणि पश्चिमेला पर्यटकांची गर्दी होते.

दोन बाजूंचा हा फरक कँडीहून बदुल्लाला जाणाऱ्या गाडीत बसल्या जागी दिसला. नानुओयापर्यंत खिडक्या बंद, कपडे दमट. बाहेर चहाच्या मळ्यांत कमरेला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून तमिळ बायका पावसातच पानं खुडत होत्या. सुमारे १,९०० मीटरवरचं पट्टीपोला हे तिथलं सर्वांत उंच स्टेशन. ते सुटलं की लगेच बोगदा. आत शिरताना काचेवर पाण्याचे ओघळ होते. बाहेर पडलो तर रूळ कोरडे, गवत पिवळं, दरीत लख्ख ऊन. समोरच्या आजींनी सवयीने खिडकी उघडली.

बोगद्यापलीकडे उवा प्रांत. या कोरड्या वाऱ्यात चहाचं पान सावकाश वाढतं आणि त्याचा वास दाट होतो. म्हणून जुलै ते सप्टेंबरचा उवा चहा सर्वांत नावाजलेला. त्याला पुदिन्यासारखा थंड वास येतो. कृपा करून त्यात दूध घालू नका.

डोंगरांच्या उत्तरेलाही हे महिने कोरडेच. तिथे मिन्नेरियाचं तळं आहे, महासेन राजानं तिसऱ्या शतकात बांधलेलं. कोरड्या महिन्यांत पाणी मागे हटतं, उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत उगवतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे शेकडो हत्ती चरायला जमतात. पावसाच्या धास्तीने हे महिने टाळणाऱ्यांचं हे केवढं नुकसान!

ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र खरोखरच टाळा. वारे बदलत असतात, पाऊस डोंगराच्या दोन्ही अंगांना पडतो, शिवाय बंगालच्या उपसागरात वादळं उठतात. २०२५च्या नोव्हेंबरअखेर दित्वा चक्रीवादळात याच डोंगरांतल्या दरडींनी अनेक वस्त्या गाडल्या, देशभरात शेकडो माणसं गेली. रेल्वेमार्गही जागोजागी उखडला. तिकीट काढण्याआधी गाडी सध्या कुठपर्यंत जाते, हे विचारून घ्या.