कोरे गावठाण आणि उपग्रहाची मोजणी

महाराष्ट्रातील एखाद्या खेड्याचा जुना गावनकाशा समोर पसरला, तर ओढे, गाडीवाटा, शिवेचे दगड आणि लहानमोठे प्रत्येक शेत आपापल्या क्रमांकानिशी त्यावर मांडलेले आढळते. मात्र ज्या जागी गावातली माणसे राहतात ते गावठाण, भोवती हद्दीची एक रेषा ओढून, आत बहुधा कोरेच ठेवलेले असते. हा कोरेपणा हलगर्जीपणातून आलेला नव्हता. १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अंमलदारांनी इंदापूर तालुक्यात जी मोजणी आरंभली आणि जिचे नियम १८४७च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यात स्थिर झाले, तिचे प्रयोजन जमीनमहसुलाची आकारणी हे होते. घराखालच्या जमिनीवर शेतसारा नव्हता, म्हणून ती मोजण्याची सरकारास गरज वाटली नाही. मोठ्या वस्तीच्या काही गावांत पुढे नगर भूमापन झाले. परंतु असंख्य खेड्यांत परिणाम असा झाला की, खडकाळ माळाच्या तुकड्यालाही सातबारा लाभला आणि पिढ्यान्‌पिढ्या नांदत्या असलेल्या घराला ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीवाचून दुसरा कागद मिळाला नाही. अशा घरावर बँक कर्ज द्यावयास कचरते, आणि भाऊबंदकीचा दावा उभा राहिला की साक्षीदारांच्या स्मरणाखेरीज न्यायालयापुढे ठेवण्यासारखे फारसे काही नसते.

ही उणीव भरून काढण्याचे काम सध्या चालू आहे, आणि भूस्थानिक तंत्रज्ञानाच्या अलीकडच्या घडामोडींत सामान्य माणसाच्या जीवनाशी सर्वांत निकटचा संबंध मला याच कामाचा वाटतो. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे महाराष्ट्राने गावठाणाच्या ड्रोन-मोजणीचा प्रयोग आधीच केला होता. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना आरंभून हाच मार्ग देशभर मोकळा केला. पद्धती अशी की, प्रथम गावकऱ्यांच्या समक्ष प्रत्येक मिळकतीच्या कडेने चुन्याची रेघ ओढली जाते. मग भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन गावावरून फिरून एकमेकांवर अंशतः येणारी शेकडो छायाचित्रे घेते. ती छायाचित्रे सांधून, कॅमेऱ्याच्या तिरपेपणाचे दोष काढून, मोजण्याजोगे एकसंध चित्र तयार होते. आणि त्यावरून आखलेल्या नकाशावर हरकती ऐकून, चौकशी पुरी झाल्यावर, सनद व मिळकत पत्रिका घरमालकाच्या हाती येते. १८ जानेवारी २०२५ या एकाच दिवशी देशात ६५ लाखांहून अधिक मिळकत पत्रिका वाटल्या गेल्या, यावरून कामाच्या व्याप्तीची कल्पना यावी.

शेतजमिनीच्या मोजणीतही असेच स्थित्यंतर घडत आहे, आणि त्याचे मर्म ध्यानी येण्यासाठी जुनी रीत जाणून घेतली पाहिजे. त्या काळचा मोजणीदार तेहतीस फुटांची साखळी आणि काटकोन साधणारा शंकू घेऊन शेतात उतरे. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत मूळ रेषा धरून तिच्यापासून बांधाचे प्रत्येक वळण किती अंतरावर आहे ते टिपणात मांडे. आणि त्यावरून एकर-गुंठ्यांचा आकार निघे. (साखळीइतक्या लांबीचा आणि तितक्याच रुंदीचा चौरस म्हणजे एक गुंठा, असे चाळीस म्हणजे एकर.) हे मोजमाप पुष्कळदा विलक्षण काळजीचे असे, पण ते शेताचे स्वतःच्याच दगडांशी असलेले नाते सांगे, पृथ्वीच्या पाठीवर ते शेत नेमके कोठे आहे हे सांगत नसे. वस्तुतः अक्षांश-रेखांशांत बांधलेले त्रिकोणांचे महाजाल विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासेस आरंभले होते, आणि ते उत्तरेकडे नेत असता १८२३ साली आपल्याच हिंगणघाटास त्याने देह ठेवला. परंतु गावोगावच्या महसुली मोजणीचा त्या जाळ्याशी सांधा बहुतांशी जुळविला गेला नाही.

आता भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक जे रोव्हर यंत्र हाती घेऊन बांधावर उभा राहतो, ते नेमका हाच सांधा जुळविते. उपग्रहांकडून येणारा संकेत वातावरणाच्या वरच्या, विद्युद्भारित थरांतून येताना किंचित रेंगाळतो; उपग्रहाच्या कक्षेच्या व घड्याळाच्या लहानसहान चुका त्यात मिसळतात; म्हणून साध्या मोबाइलने दाखविलेली जागा काही मीटरांनी चुकते, आणि बांधाच्या तंट्यात काही मीटर म्हणजे सर्वस्वच. यावर तोड म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाने ठिकठिकाणी कायमची संदर्भकेंद्रे उभारली आहेत. त्यांचे स्वतःचे स्थान आधीच काटेकोरपणे निश्चित असल्यामुळे, उपग्रहाचा संकेत या क्षणी किती चुकत आहे हे त्यांना अखंड कळते; ती दुरुस्ती मोबाइलच्या जाळ्यातून रोव्हरला पोहोचते, आणि काही मीटरांची चूक काही सेंटिमीटरांवर येते. साखळीने दिवसभर चालणारे काम त्यामुळे पुष्कळ लवकर उरकते. कोपऱ्याचा दगड कोणी रात्रीतून उपटून टाकला, तरी त्याची जागा आकड्यांत जिवंत राहते. हा लाभ मला वेगापेक्षाही मोठा वाटतो.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. नवे मोजमाप सेंटिमीटरांत बोलते आणि जुना अभिलेख त्या भाषेत लिहिलेलाच नाही. एकास आठ हजार या प्रमाणावर काढलेल्या नकाशात अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे प्रत्यक्ष शिवारात चार मीटरांचा पट्टा. त्यात कागद वर्षानुवर्षांच्या दमटपणाने आक्रसलेला, घडीवर झिजलेला. आणि १९४७च्या कायद्यान्वये एकत्रीकरण होऊन गट पडले, तेव्हा कागदावरची अदलाबदल सर्वत्र बांधावर उतरली असेही नव्हे. असा नकाशा उपग्रहाच्या चौकटीत बसवू लागले की तो कोठे ना कोठे ओढावा लागतो, आणि ओढलेली प्रत्येक रेषा कोणाच्या तरी वहिवाटीवरून जाते. अशा वेळी यंत्राने दाखविलेला बिंदू हाच हक्काचा बिंदू, असे समजणे घातक ठरेल. यंत्र बांध आज कोठे आहे ते निर्विवाद सांगते. तो तेथे का आहे, हे टिपण, फेरफार, वाटपपत्र आणि लगतच्या कब्जेदारांची जबानी यांवरूनच ठरावयाचे असते. गावठाणातही तोच प्रकार. कोकणातल्या ज्या घराची माणसे पोटासाठी मुंबईस आहेत, त्या बंद घराभोवती चुना टाकताना कोण हजर होते? विधवेचे किंवा सासरी गेलेल्या लेकीचे नाव चौकशीच्या कागदावर चढले की नाही? ड्रोन कितीही स्वच्छ पाहू शकत असले, तरी हे त्याच्या नजरेच्या टप्प्यातले नाही.

धोरणाची दिशा तर आता पक्की ठरलेली आहे. १५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगीच्या जाचातून मुक्त केले. २०२२च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने शहरे व खेडी यांचे पाच ते दहा सेंटिमीटर बारकाव्याचे सर्वेक्षण २०३०पर्यंत करण्याचे उद्दिष्ट ठेवले. शहरांसाठी ‘नक्शा’ हा कार्यक्रम फेब्रुवारी २०२५मध्ये १५२ नागरी संस्थांत सुरू झाला. आणि प्रत्येक भूखंडाला त्याच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवर आधारलेला चौदा अक्षर-अंकांचा भू-आधार क्रमांक देणे चालू आहे. हा क्रमांक एकदा खरेदीखत, कर्ज आणि पीकविमा यांच्या नोंदींत रुजला की त्यामागच्या आकृतीतली चूक सुधारणे आजच्याहून कितीतरी अवघड होईल.

म्हणून मोजणीविरुद्ध दाद मागण्याची जुनी सोय, म्हणजे निमताना आणि त्यावरचा सुपर निमताना, नव्या व्यवस्थेत दुबळी होता कामा नये. अर्जदाराला आज मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. तिच्याबरोबर प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश, ते घेताना यंत्राने नोंदविलेली अचूकता, कोणत्या टिपणाशी ताडून हद्द ठरविली त्याचा उल्लेख, आणि दोहोंत तफावत आढळली असल्यास ती किती, हे सारे त्याला मराठीत, खात्याच्या सहीशिक्क्यानिशी मिळावे. वरिष्ठ अधिकारी निमतान्यासाठी बांधावर येईल, तेव्हा पहिल्या मोजणीचे पाऊलन्‌पाऊल त्याला पुन्हा तपासता यावे, आणि दोन्ही लगतधारकांना ते उघड्या डोळ्यांनी पाहता यावे.