दिवंगत गायक-वादकांची सूची : नाव कोठे लावायचे?

महाविद्यालयीन वार्षिकांकाच्या पहिल्या काही पानांत श्रद्धांजलीचे एक पान असते. वर्षभरात निवर्तलेले साहित्यिक, पुढारी, कलावंत यांची नावे तेथे एकाखाली एक दिलेली असतात. अशी दहा-वीस वर्षांची पाने एकत्र बांधली तर त्यांतून आपल्याला हवा तो शाहीर चटकन सापडेल काय? सापडणार नाही. नावे जमविणे हे श्रद्धेचे काम आहे, ती सापडतील अशी लावणे हे सूचीचे काम आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या कामाचा, आणि तेही आपल्या बीड जिल्ह्याच्या दृष्टीने, थोडा विचार करावयाचा आहे.

गाऊन गेलेल्यांची याद ठेवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. पंचांग उघडून पाहावे. कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वर, फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम, त्याच पक्षातील षष्ठीला एकनाथ. षष्ठीसाठी पैठणला जाणाऱ्या आपल्याकडच्या वारकऱ्याला नाथांच्या निधनाचा शक विचारला तर तो कदाचित सांगणार नाही, पण तिथी चुकणार नाही. महिपतीने 1762 साली ‘भक्तविजय’ लिहिला, त्यातही चरित्रे कथेच्या ओघाने येतात, सनावळीने नव्हे. ही रचना पुण्यतिथी पाळण्यासाठी उत्तम आहे. शोध घेणाऱ्याला मात्र तिथीबरोबर सालही लागते, आणि सर्वांत आधी नाव लागते.

खरी अडचण नावापाशीच सुरू होते. बार्शीचे शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांना ‘श’मध्ये शोधावे की ‘प’मध्ये? अण्णा भाऊ साठे यांचे कागदोपत्री नाव तुकाराम. येथे आडनाव तेच असल्याने निभावते. बालगंधर्वांना मात्र ‘राजहंस, नारायण श्रीपाद’ या शीर्षकाखाली दडवून ठेवले तर नाटकवेड्या माणसालाही ते सापडायचे नाहीत. स्त्रियांच्या बाबतीत लग्नाने नाव बदलते. माणिक दादरकर पुढे माणिक वर्मा झाल्या. सुलोचना कदम या नावाने हिंदी चित्रपटांत गायलेल्या बाई पुढे लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण म्हणून घरोघरी पोचल्या. शिवाय ‘सुलोचना’ एवढेच लिहिले तर अभिनेत्री सुलोचना लाटकर यांच्याशी घोटाळा व्हायचा तो वेगळाच. लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले, तेव्हा ‘आ’मध्येही एक ओळ खर्ची घालणे आले.

यावर उपाय साधा आहे. लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव मुख्य नोंदीला द्यावे, तेथेच मूळ नाव लिहावे, आणि मूळ किंवा आधीच्या नावाच्या जागी फक्त ‘पाहा’ म्हणून बोट दाखवावे. ‘पटेल, मेहबूब हुसेन : पाहा शेख, अमर.’ बस्स! सूची चांगली की वाईट हे ओळखायचे असेल तर मी तरी तिच्यातील ‘पाहा’ मोजीन.

उपाध्या मात्र नावापुढे कधीही येऊ देऊ नयेत. ‘शाहीर’ हा शब्द अकारविल्हेत धरला तर निम्मा महाराष्ट्र ‘श’मध्ये गोळा होईल. आणि आपल्या जिल्ह्यात कीर्तनाची परंपरा एवढी दांडगी की ‘ह. भ. प.’ला मान दिला तर ‘ह’ या अक्षरासाठी वेगळा खंडच काढावा लागेल.

गावावरून पडलेल्या नावांचे काय? विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म पंढरपूरचा, पण फडाच्या नावाने त्या नारायणगावच्या झाल्या. आपल्या अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावचे पखवाजवादक, पद्मश्री शंकरबापू आपेगावकर सर्वांना ठाऊक आहेत. परंतु एक आपेगाव पैठण तालुक्यातही आहे, ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे. बाहेरच्या वाचकाने बापूंना गोदाकाठी नेऊन बसवू नये म्हणून गावापुढे तालुका लिहिलाच पाहिजे. जुन्या कागदांत तर अंबाजोगाईच ‘मोमिनाबाद’ म्हणून भेटते. गावांनाही ‘पाहा’ लागतात ते असे.

अक्षरक्रम झाला की दुसरी, निधनाच्या सालाप्रमाणे लावलेली यादी अवश्य करावी. ती जे दाखविते ते अक्षरक्रम दाखवू शकत नाही. 18 जुलै 1969 रोजी अण्णा भाऊ गेले आणि 29 ऑगस्टला अमर शेख. लाल बावट्याच्या कलापथकातले दोन आवाज सहा आठवड्यांत थांबले. 2004 साली 15 मे रोजी वामनदादा कर्डक आणि 23 जूनला प्रल्हाद शिंदे गेले. भीमगीतांच्या श्रोत्यांसाठी तो उन्हाळा कसा गेला असेल, हे ‘क’ आणि ‘शि’ यांच्यामधल्या अंतरावरून कसे कळणार?

ही झाली नामवंतांची गोष्ट. त्यांच्या तारखा वर्तमानपत्रांत सापडतात. आपल्या गावांतील गोंधळी, आराधी, हलगीवाले, कव्वाल, जलशातले गायक यांच्या तारखा कोठे शोधायच्या? बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे जुन्या दप्तरात फसली सन भेटतो. त्यात 590 मिळवावेत. मात्र ते वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून जानेवारीनंतरच्या नोंदीला 591 धरावे लागतात. म्हातारी माणसे सन सांगतच नाहीत. ती म्हणतात, ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’, ‘बहात्तरच्या दुष्काळात’, ‘किल्लारीच्या भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी’. हे हसण्यावारी नेऊ नये. भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरचा. असा पक्का खुंटा मिळाला की तारीख एक-दोन दिवसांच्या फरकाने निश्चित होते. दुष्काळावरून मात्र फार तर साल मिळते, तेव्हा सालच लिहावे, तारीख बनवू नये. तारखेशेजारी ती कोणी सांगितली – मुलाने, पुजाऱ्याने, की ग्रामपंचायतीच्या नोंदवहीने – हा रकाना हवाच. पुढे दोन तारखा भांडू लागल्या की निवाडा त्या रकान्यावरूनच करता येतो.

आणखी एक रकाना बाहेरच्या सूचीकाराला सुचणार नाही, तो मृत्यूच्या ठिकाणाचा. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते, माणूस कुठला आहे यावर नाही. मुंबईचे विठ्ठल उमप 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपुरात गेले. त्यांची बातमी महाराष्ट्रभर झाली म्हणून काही अडले नाही. पण आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जी कुटुंबे कारखान्यांच्या मुलखात जातात, त्यांच्यात गावची हलगी वाजविणारा असतो, रात्री कोपीपुढे भजन म्हणणारा असतो. तो तिकडेच वारला तर त्याची नोंद सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीत, झालीच तर. आपल्या गावच्या वहीत त्या नावापुढे काहीच सापडत नाही. अशा माणसाचा शोध मुकादमापासून सुरू करावा. तो कोणत्या कारखान्याला, कोणत्या हंगामात टोळी घेऊन गेला होता हे कळले की कोणत्या गावाची वही मागायची हे कळते. मुकादमही म्हातारे होत आहेत, तेव्हा हे विचारणे येत्या दिवाळीच्या सुट्टीत, टोळ्या निघण्यापूर्वीच उरकावे.