कंबरदुखी : वेचणीची की आतड्याची?

दिवाळीच्या सुमारास बोदवड तालुक्यात कापसाची वेचणी जोरात असते. दिवसभर वाकून काम केले की संध्याकाळी कंबर धरतेच. त्याला कोणी घाबरत नाही आणि ते बरोबरही आहे. बहुतेक कंबरदुखी स्नायू किंवा मणक्यांमुळे असते आणि काही आठवड्यांत कमी होते.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात कंबरदुखी हे पहिले लक्षण क्वचितच असते. गुदाशय माकडहाडाच्या अगदी पुढे असतो. तिथली गाठ मागे वाढून नसांवर दाबू लागली, पोटाच्या मागच्या लसिकाग्रंथी सुजल्या किंवा आजार मणक्यात पोहोचला, तर कंबर दुखते. म्हणजे तोवर आजार बराच पुढे गेलेला असू शकतो.

म्हणून त्याआधीच्या खुणा ओळखायला हव्यात. शौचातून रक्त पडणे, काही आठवडे टिकणारी बद्धकोष्ठता किंवा जुलाब, पोट साफ न झाल्याची भावना, कारण नसताना वजन घटणे, रक्त कमी होऊन थकवा येणे. यांच्या जोडीला रात्री झोपूनही न थांबणारी कंबरदुखी असेल तर तपासणी टाळू नका. पायातली ताकद जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ही तर तातडीने रुग्णालय गाठायची वेळ.

आपल्याकडे खरा घात होतो तो ‘मूळव्याध असेल’ या समजुतीने. रक्त मूळव्याधीनेही पडते, पण ते तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगावे. जडीबुटीत महिने घालवू नयेत. आधी डॉक्टरांनी बोटाने केलेली तपासणी, रक्तातील हिमोग्लोबिन आणि गरज असल्यास कोलोनोस्कोपी, असा हा क्रम असतो. पॉलिप नावाच्या छोट्या वाढीचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. दुर्बिणीने तो आधीच काढता येतो.

अमेरिकेतील नोंदींनुसार आजार आतड्यापुरताच असताना सापडला, तर पाच वर्षांनंतर सुमारे ९० टक्के रुग्ण हयात असतात. दूरवर पसरल्यावर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येते. खर्चाच्या धास्तीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे.

तंबाखू, दारू सोडा; कळण्याची भाकरी, डाळी, पालेभाज्या ताटात राहू द्या. वेचणीची कंबर विश्रांतीने सुटते. विश्रांतीनेही न सुटणारी कंबर मात्र डॉक्टरांना दाखवा आणि शौचाच्या तक्रारी न लाजता सांगा.